गोळी आणि शंका

इतिहास म्हटला की गड, तह आणि लढाया ऐकण्याची आपल्याला सवय. संततिनियमनाची गोळी पहिल्यांदा घेणाऱ्या बाईच्या मनात ज्या शंका येतात, त्यांनाही इतिहास असतो हे ऐकून कोणी हसेल. परंतु तो आहे, आणि त्याचा आरंभ मला दूर कोठे नव्हे, येथे बुलढाण्यातच सापडतो.

१८८२ साली पुण्यात 'स्त्रीपुरुषतुलना' नावाचे लहानसे पुस्तक छापून निघाले. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे येथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. पुस्तकाला निमित्त झाले ते सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्याचे. तिला दिवस गेले, मूल झाले, आणि लोकलज्जेच्या भयाने तिने ते मारले. न्यायाधीशाने फाशी सुनावली. पुढे अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. त्यानिमित्ताने साऱ्या स्त्रीजातीला दूषणे देण्याची अहमहमिका सुरू झाली, तेव्हा ताराबाई लेखणी घेऊन उठल्या. दोष एकट्या बाईच्याच पदरात का, हा त्यांचा रोख. हे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

विजयालक्ष्मीपाशी उपाय नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. उपाय सांगणारा माणूस योगायोगाने त्याच १८८२ साली जन्मला. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तरीही दंड झालाच! पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कर्वे १९५३ साली वारले. गोळी त्यांनी पाहिली नाही.

गोळी आली ती अमेरिकेतून, १९६० साली. पण तिची मोठी परीक्षा त्याआधी १९५६ साली प्वेर्तो रिको बेटावर गरीब वस्तीतल्या बायांवर झाली होती. तेथील डॉक्टरीणबाई एड्रिस राइस-रे यांनी कळविले की गोळी दिवस जाऊ देत नाही हे खरे, परंतु शंभरातल्या सतरा बायांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, ओकाऱ्या असा त्रास होतो. इतका त्रास असलेले औषध सर्वांना देण्याजोगे नाही. गोळीचे जनक ग्रेगरी पिंकस यांनी यातला बराचसा भाग मनाचा खेळ ठरविला. त्या बायांना आपण प्रयोगात आहोत, याची नीट समज दिलेली नव्हती.

त्या पहिल्या गोळीत किती औषध होते? इस्ट्रोजेन जातीचे १५० मायक्रोग्रॅम. आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एन गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे पाचवा हिस्सा. प्वेर्तो रिकोच्या बाया म्हणत होत्या ते मनाचे खेळ नव्हते, हे मात्रा खाली आली यावरूनच दिसते. १९६१ साली इंग्लंडातल्या एका डॉक्टरने गोळीवर असलेल्या बाईच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचे छापले. १९६९ साली तेथील समितीने ५० मायक्रोग्रॅमहून अधिक मात्रा टाळण्याचा सल्ला दिला. १९७० साली अमेरिकन सिनेटपुढे सुनावणी झाली, तेव्हा साक्षीला एकही गोळी घेणारी बाई नव्हती. सभागृहात तरुण मुलींनी उठून जाब विचारला, आणि पाकिटात धोक्याचे पत्रक घालावे लागले.

आपल्याकडे १९५२ पासून सरकारी कुटुंबनियोजन सुरू झाले, पण भर पडला तो १९६५ नंतर लूपवर आणि शस्त्रक्रियेवर. आणीबाणीतल्या सक्तीने तर सरकारी औषध या शब्दाचीच धास्ती बसली. अशा घरातली सून आशाताईकडून पाकीट घेताना दहा वेळा विचार करते, तर तिला अडाणी म्हणणारा स्वतःच अडाणी, असे माझे मत आहे.

तेव्हा शंका काय आहेत ते सरळ पाहू. गोळी उष्ण पडते, असे म्हणतात. पहिल्या महिन्यांत मळमळ, स्तन दुखणे, मधेच डाग लागणे हे होते. बहुतेकींना सुमारे तीन महिन्यांत थांबते. जेवणानंतर रात्री घेतली तर मळमळ कमी वाटते. पाळी कमी जाते म्हणून रक्त आत साचते, ही दुसरी भीती. आत काही साचत नाही. गर्भाशयाचे अस्तर पातळच वाढते, त्यामुळे गळायला थोडे असते. पुढे मूल होणार नाही ही तिसरी, आणि सासूच्या तोंडी हीच अधिक. गोळी सोडल्यावर दिवस राहू शकतात. काहींना दोनचार महिने अधिक लागतात इतकेच.

गुठळीची भीती मात्र निराधार नाही. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना, आणि गरोदरपणी ५ ते २०. पस्तिशी ओलांडून बिडी-सिगारेट ओढणारी, रक्तदाब वाढलेली, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणारी, पूर्वी गुठळी झालेली, अशा बाईने ही गोळी घेऊ नये. अंगावर पाजणारीने पहिले सहा महिने थांबावे. पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तीन महिने वाट पाहण्याचा सल्ला अशा वेळी लागू नाही.

आणि पाकिटातल्या अठ्ठावीस गोळ्यांपैकी शेवटच्या सात तपकिरी असतात. त्यांत संततिनियमनाचे औषध नसून लोह असते. त्या दिवसांत पाळी येते. पाळी संपो वा न संपो, अठ्ठावीस झाल्या की दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी घ्यायची.