मोहोळाची निगा आणि ग्रामोद्योगाचा विचार : वर्धा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वर्धा शहराला लागून असलेली बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे यांसारखी गावे आज शहराच्या विस्तारात सामावत चालली आहेत. याच परिसरातील मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले. तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ या उद्योगांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने मधमाशीपालनाचा उल्लेख बहुधा यादीतील एक नाव एवढाच येतो. वस्तुतः ग्रामोद्योग चळवळीच्या नैतिक व आर्थिक विचाराची कसोटी पाहणारा हाच उद्योग होता. याचे कारण असे की येथील उत्पादक एक सजीव समाज आहे आणि त्याचे घर निरोगी राखणे हेच पालकाचे मुख्य काम आहे. प्रस्तुत लेखात या निगेच्या इतिहासाचा आढावा घेऊन तिचा ग्रामोद्योगाच्या विचाराशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पाळीव वसाहतीची कल्पना

समाजशील कीटकांची वसाहत माणसाने केलेल्या घरात सांभाळण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात दोन दिशांनी झाले. पहिली दिशा निरीक्षणाची होती. इंग्लंडमधील सर जॉन लबक यांनी दोन काचांच्या मध्ये मातीचा पातळ थर ठेवून मुंग्यांची घरटी तयार केली. ती ओलसर व अंधारी राखली. मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांवरील त्यांचा ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सांभाळलेली एक राणीमुंगी सुमारे पंधरा वर्षे जगली. ओलावा, अंधार व स्वच्छता यांचे सातत्य राखल्यास कृत्रिम घरातही वसाहत दीर्घायुषी होते, हे यावरून दिसून आले.

दुसरी दिशा उपजीविकेची होती. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली एक साधे तत्त्व ओळखले. पोळ्यांभोवती सुमारे नऊ मिलिमीटरांची मोकळी जागा ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत. त्यामुळे सुट्या चौकटींची पेटी शक्य झाली. पोळे न मोडता बाहेर काढावे, तपासावे व पुन्हा जागेवर ठेवावे, ही सोय त्यातून निर्माण झाली. भारतीय सातेरी माशी आकाराने लहान असल्याने तिला लहान पेटी हवी होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्ली येथे फादर न्यूटन यांनी अशी पेटी प्रचारात आणली व ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

मगनवाडीतील प्रयोगाचे स्वरूप

मुंबई येथील काँग्रेस अधिवेशनातील ठरावानुसार डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली वर्ध्याची बाग दिली. दिवंगत मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी ठेवण्यात आले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस होते. संघाने हाती घेतलेल्या उद्योगांत मधमाशीपालनाचा समावेश होता.

यामागील भूमिका समजण्यासाठी मध काढण्याची जुनी रीत लक्षात घ्यावी लागते. मोहोळाला धूर किंवा जाळ दाखवून माश्या हुसकावणे, अंडी-अळ्यांसह संपूर्ण पोळे कापणे व ते पिळणे, अशी ती रीत होती. अशा मधात अळ्यांचा रस मिसळत असे आणि वसाहतीचा नाश होत असे. चौकटीच्या पेटीत मधाचा कप्पा पिल्लांच्या कप्प्यापासून वेगळा असतो. मधयंत्रात चौकट फिरवून मध काढला की रिकामे पोळे माश्यांना परत देता येते. गांधीविचारात साधनशुद्धीला असलेले महत्त्व पाहता, हे तंत्र ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांना का भावले असेल हे उघड आहे.

निगेचे शास्त्र

पेटी दिल्याने मधमाशीपालन सुरू होते, पण ते निगेने टिकते. माश्या पिल्लांच्या भागाचे तापमान सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस राखतात. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. अशा वेळी माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पेटी उन्हात असेल व जवळ पाणी नसेल, तर मेण मऊ होऊन पोळी तुटतात. म्हणून दाट सावली व जवळचा पाणवठा या विदर्भातील मधपाळाच्या प्राथमिक गरजा ठरतात.

तळपाटावर पडणारा मेणाचा चुरा व मृत माश्या वेळोवेळी काढल्या नाहीत, तर तेथे मेणपतंगाच्या अळ्या वाढतात. त्या पोळ्यात बोगदे करतात. वारंवार पिल्ले वाढल्याने काळी पडलेली पोळी बदलावी लागतात. मुंग्यांना अटकाव करण्यासाठी घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागतात आणि त्या कोरड्या पडू द्यायच्या नसतात. पावसाळ्यात फुलोरा कमी असताना साखरेचा पाक द्यावा लागतो. दुर्बल वसाहती एकत्र कराव्या लागतात. मात्र पेटी वारंवार उघडणेही अपायकारक असते, कारण त्यामुळे आतील उष्णतेचा तोल बिघडतो व माश्या अस्वस्थ होतात.

स्वच्छतेचे बरेचसे काम माश्या स्वतःच करतात. सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरील व्हॅरोआ कोळी टिपून काढतात आणि रोगट पिल्ले बाहेर टाकतात. पालकाने या कामाला पूरक व्हायचे असते. तरीही काही संकटे दोघांच्या आवाक्याबाहेरची असतात. थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या.

कुमारप्पांचे वर्गीकरण आणि मधपाळ

कुमारप्पांनी कारावासात लिहिलेला ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ १९४५ साली गांधीजींच्या प्रस्तावनेसह सिद्ध झाला. त्यात त्यांनी निसर्गातील व्यवहारांचे परोपजीवी, लुटारू, उद्यमी, समूहनिष्ठ व सेवामय असे प्रकार कल्पिले आहेत. मधमाशी हे समूहनिष्ठ व्यवहाराचे उदाहरण होय. ती स्वतःपुरते न पाहता संपूर्ण वसाहतीसाठी मध साठवते.

या वर्गीकरणात मधमाशीचे स्थान निश्चित आहे. मधपाळाचे स्थान कोणते, हा प्रश्न मात्र उरतो. माशीने साठवलेले तो घेतो. केवळ घेण्यापुरते पाहिले तर त्याचा व्यवहार पोळे कापणाऱ्यापेक्षा फारसा वेगळा ठरत नाही. तो वेगळा ठरतो तो निगेमुळे. सावली, पाणी, टंचाईतील आहार, शत्रूंपासून रक्षण आणि वसाहतीसाठी मागे ठेवलेला मध हे त्याचे देणे आहे. हे देणे थांबले की पेटी असूनही व्यवहार लुटारू होतो. पेटी हे साधन आहे. तिचे नैतिक मूल्य तिच्या वापराच्या रीतीवर अवलंबून आहे.

या हिशेबात सातेरीचा स्वभाव निर्णायक ठरतो. लबक यांच्या मुंग्यांना निसटून जाण्याची मुभा नव्हती. सातेरीला ती सदैव असते. उपासमार, उष्णता, मेणपतंग किंवा वारंवारचा त्रास असह्य झाला की संपूर्ण वसाहत पेटी सोडून जाते. त्यामुळे तिला ‘पाळीव’ म्हणणे मर्यादित अर्थानेच योग्य आहे. रिकामी पेटी हा दुर्लक्षाचा सर्वांत स्पष्ट पुरावा असतो.

उत्तरकालीन वाटचाल

स्वातंत्र्योत्तर काळात हे कार्य खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आले. आयोगाने १९६२ साली पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन केली. महाबळेश्वर परिसरात या उद्योगाने मूळ धरले आणि २०२२ साली तेथील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. वर्ध्यात दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने वेगळी वाट निवडली. आग्या माशी पेटीत राहत नाही. उंच झाडे, पाण्याच्या टाक्या व इमारती येथे ती उघड्यावर पोळे बांधते. तेव्हा पेटीचा आग्रह न धरता, पिल्लांचा भाग सोडून फक्त मधाचा भाग कापण्याचे प्रशिक्षण केंद्राने मध काढणाऱ्यांना दिले. साधन बदलले, पण वसाहत जिवंत राखण्याचे तत्त्व तेच राहिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मधमाशीपालनाचे यश वाटलेल्या पेट्यांच्या संख्येवरून ठरवणे अपुरे आहे. काही वर्षांनंतर किती पेट्यांत वसाहती नांदत आहेत, हेच खरे मोजमाप होय. साधनांच्या वाटपाला ग्रामविकास मानणाऱ्या कोणत्याही योजनेला हा निकष लागू पडतो. दुसरी, निगा ही उत्पादनानंतर उरलेल्या वेळात करण्याची गोष्ट नसून तीच या उद्योगाचा गाभा आहे. वर्ध्याभोवतीची शेतशिवारे वसाहतींनी व्यापली जात असताना आणि पिकांवर कीटकनाशकांची फवारणी होत असताना ही निगा पेटीपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. बोरगाव मेघेसारख्या गावातील उंच झाड, बांधावरचा फुलोरा आणि फवारणीची वेळ यांचाही तिच्यात अंतर्भाव करावा लागेल. मगनवाडीने मांडलेल्या टिकाऊ अर्थव्यवस्थेच्या विचाराचा हा आजचा अर्थ होय.