भिंतीपलीकडची घंटा

फेब्रुवारी १९१६ मध्ये वाराणसीत बनारस हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी झाली. त्या सोहळ्यानिमित्त व्याख्यान देणाऱ्या विद्वानांत जगदीशचंद्र बोस होते. तोवर ते वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासात रमले होते. परंतु वीसएक वर्षांपूर्वी याच शास्त्रज्ञाने कोलकात्यात तारेविना, भिंतींच्या आरपार लहरी पाठवून दूरची घंटा वाजवली होती आणि दारू उडवून दाखवली होती.

त्याच सुमारास, १८९५ मध्ये, रशियात पोपोव्ह यांनी अशीच लहरग्राही घंटा सिद्ध केली. ती आकाशात वीज कडाडली की वाजे. आरंभीच्या ग्राहकयंत्रांना आपली लहर कोणती आणि परकी कोणती, हे कळतच नसे. विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा प्रश्न असा बिनतारी विद्येच्या जन्मापासूनचा आहे.

रुग्णाच्या उशाशी तो उलट्या रूपाने अवतरला : नको तेव्हा वाजणे परवडते, हवी तेव्हा गप्प राहणे परवडत नाही. २७ फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे एका दूरचित्रवाणी केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील हृदयरुग्णांची बिनतारी निरीक्षणयंत्रणा विस्कळीत झाली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. केंद्राने नियम मोडला नव्हता, हे येथे महत्त्वाचे. रुग्णालयेच दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वाहिन्यांवर आश्रितासारखी राहत होती. २००० मध्ये तेथील नियामकाने वैद्यकीय दूरमापनासाठी तीन पट्टे राखून ठेवले. त्यांतील ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झचा पट्टा रेडिओ खगोलशास्त्राचाही आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय दुर्बिणीनेही ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाचा कानोसा घेतला आहे. हृदयाचे ठोके आणि दीर्घिकांची कुजबुज एकाच पट्ट्यात ऐकली जावी, हा योग विलक्षणच.

घरातील वृद्धांची काही संकटसूचक बटणे आणि रुग्णालयांतील कितीतरी साधने मात्र आज वायफाय-ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीत बोलतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही तेथेच गुणगुणतो. म्हणून आयईसी ६०६०१-१-२ हे मानक वैद्यकीय साधनांनी बाहेरचा गोंगाट किती सोसावा आणि स्वतः किती कमी करावा, दोन्ही ठरवते. चांगल्या यंत्रणेत संपर्क तुटणे हाही एक गजरच असतो. बोस स्वतःच्या घंटेजवळ उभे राहून प्रयोग पाहू शकत होते; परिचारिकेला वीस खाटांजवळ एकाच वेळी उभे राहता येत नाही.

घरी असे बटण असेल तर ते ज्या खोल्यांत खरोखर वापरायचे, तेथून, विशेषतः न्हाणीघरातून, दर महिन्याला दाबून पाहावे. घरात नवे राऊटर किंवा ओव्हन आल्यावर पुन्हा एकदा. पेसमेकर असलेल्यांनी मोबाइल छातीच्या खिशात न ठेवता किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा आणि बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा.