नाव सांगणारा माणूस

माझ्या आजोळी, गोव्यातल्या साष्टीत, शेजारच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, एक म्हातारे तारवटी, बोटीवर नोकरी केलेले, बसलेले असत. पहिल्यांदा मुंबईला गेलात तेव्हा उतरलात कोणाकडे, असं विचारलं की म्हणत, "कोणाकडे म्हणजे? गावच्या कुडीत!"

गोवा १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे, त्यामुळे त्यांच्या पिढीचा पहिला परदेश मुंबईच. धोबी तलाव, माझगाव भागात गावागावाची आपापली कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक राहण्याची जागा. भिंतीकडेला ओळीनं पेट्या, एका बाजूला अल्तार. दिवसा संसार पेटीत, रात्री तिच्यालगत पथारी. संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर राहायलाच हवं. तेर्स झालं की खऱ्या गोष्टी निघत: कोणती बोट लागणार, बोटीवरचा कुठला बटलर माणसं भरतोय, कोणाच्या नलीवर, म्हणजे बोटीच्या नोकरीच्या दाखल्यावर, अजून एकही सफर नाही. बटलर गावचा असला तर गावचाच पोरगा घेई. पोरानं आगळीक केली तर बटलरला गावात तोंड दाखवायला जागा उरत नसे, हे पोरालाही ठाऊक असे. कंपनीला फुकटचा जामीन मिळे.

पी. अँड ओ.च्या बोटींवर सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या सरबराईला, गोंयकार आणि डेकवर रत्नागिरी-गुजरातचे खलाशी, ही वाटणी साहेबाला जातिस्वभाव वाटे. ख्रिस्ती गोंयकारांना खाण्यापिण्याचा विटाळ नसणं हे एक कारण होतंच. पण मला तरी गावच्या ओळखीचा जोर त्याहून मोठा वाटतो.

तीच ओळख आफ्रिकेला पोचली. १८९६ला मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झालं, पुढे कचेऱ्या वाढल्या, त्यांना इंग्रजी जाणणारे कारकून हवे होते. नैरोबीत १९०५लाच गोवन इन्स्टिट्यूट उभी राहिली. शेजारच्या त्या तारवट्यांचे थोरले भाऊ तिकडेच होते. त्यांच्या पत्रात हवापाण्याची एक ओळ, बाकी सगळं कामाचं: पुतण्याला टायपिंग शिकवा, मग पाठवा. १९७२ला इदी अमीननं आशियाई लोकांना युगांडातून घालवलं, तेव्हा गोंयकारांची कितीतरी घरं इंग्लंड-कॅनडात गेली. पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्याची तरुण पोरं पुढे इंग्लंडातल्या स्विंडनला जाऊ लागली, तीही आधी गेलेल्या चुलत-मावस भावांच्याच खोलीत उतरली.

हे सगळं मी प्रेमानं सांगते, पण कुडीचं दार सगळ्यांसाठी नव्हतं. बायकांना तिथं जागा नव्हती. काही गावांत तर जातीनुसार कुडी वेगळ्या. आमच्या घरातलं कोणी बोटीवर गेलं नाही. मामा एकदाच बोलले होते, "जायचं आम्हालाही होतं गो. पण बटलरला आमचं नाव सांगणार कोण?"