प्रथिन स्फटिकीकरण
शुद्ध प्रथिनाच्या द्रावणातून सुबक रचनेचे स्फटिक मिळवण्याची प्रयोगशाळेतील प्रक्रिया. क्ष-किरण विवर्तनाने प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडायची तर आधी चांगला स्फटिक हवा, आणि घोडे बहुधा इथेच अडते.

लटकत्या थेंबाच्या पद्धतीत प्रथिनाचा एक-दोन मायक्रोलिटर थेंब तेवढ्याच अवक्षेपक द्रावणात मिसळून पातळ काचेवर ठेवतात. काच उलटी करून अवक्षेपक द्रावण भरलेल्या खळग्यावर ग्रीसने घट्ट बसवतात. खळग्यातले अवक्षेपक थेंबातल्यापेक्षा दुप्पट तीव्र असल्याने थेंबातले पाणी वाफेवाटे सावकाश खळग्यात उतरते. स्फटिकाची केंद्रके तयार व्हायला अतिसंपृक्तता जास्त लागते, वाढीला कमी पुरते. घाई झाली की असंख्य केंद्रके उमटून बारीक सुयांचा निरुपयोगी चुरा हाती येतो. त्यावर उपाय बीजारोपणाचा : जुन्या स्फटिकाच्या चुऱ्यातून मांजराची मिशी किंवा घोड्याचा केस फिरवून ताज्या थेंबातून ओढतात. साधन गावठी, पण कामाचे. अर्थात प्रथिनच अशुद्ध असेल तर कोणतीही युक्ती फारशी चालत नाही.

प्रथिनाच्या स्फटिकात सुमारे निम्मे पाणी असते. १९३४ मध्ये बर्नाल व क्रोफूट यांनी पेप्सिनचा स्फटिक ओलाच ठेवला, तेव्हा कुठे स्पष्ट विवर्तन मिळाले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश व सहकाऱ्यांनी यॉर्कच्या संशोधकांसह पेनिसिलिन व्ही अ‍ॅसिलेज या विकराची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. पेनिसिलिनपासून अर्धसंश्लेषित प्रतिजैविकांचा मूळ घटक या विकरामुळे मिळतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणमार्ग उभारला आहे.