पाहुणचाराची पदवी

बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत एखादे पालक हमखास येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "सर, मुलगा हॉटेलचे शिकायचे म्हणतो. त्यात खरी पदवी मिळते का?"

त्या खालच्या आवाजाला इतिहास आहे. इंग्रजी आगबोटींवर आचारी आणि स्ट्युअर्ड म्हणून गोमंतकीय पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गेले. बोट मिळेपर्यंत ते मुंबईत आपापल्या गावच्या कुडात राहत. आमच्याकडील कित्येक घरांवर कौले चढली ती त्याच पैशांनी. परंतु मुले सांगत ती 'बाबा बोटीवर असतात' एवढेच. काम कोणते, हे गिळून टाकीत. विद्या होती, पण तिचा कागद नव्हता.

युरोपात तो कागद हॉटेलवाल्यांनीच निर्माण केला. झाक चुमी यांच्या पुढाकाराने 1893 साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे पहिली शाळा निघाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने 1922 साली हा विषय घेतला, तोही गृहविज्ञानाच्या छायेखाली! हॉवर्ड मीक हे तेथील पहिले अध्यापक. हॉटेलसम्राट स्टॅटलर स्वतः लहानपणीच कामाला लागलेले. पुस्तकांतून हॉटेल शिकता येते यावर त्यांचा प्रथम विश्वास नव्हता. पुढे त्यांचेच मन पालटले आणि त्यांच्या निधीतून 1950 साली कॉर्नेलमध्ये या विद्येची स्वतंत्र वास्तू उभी राहिली.

आपल्याकडची कथा मात्र निराळी, आणि मला ती अधिक हृद्य वाटते. येथे प्रारंभ झाला तो अन्नटंचाईतून. धान्याच्या त्या ओढगस्तीच्या काळात लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषद काम करीत होती. तिनेच 1954 साली मुंबईत देशातील पहिली संस्था काढली. हॉटेल व्यवस्थापनाच्या जोडीला 'उपयोजित पोषण' हे शब्द या संस्थेच्या नावात आजही आहेत, ते उगाच नव्हेत. दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथील संस्था मागाहून आल्या. 1982 साली हा कारभार अन्नखात्याकडून पर्यटनखात्याकडे गेला आणि राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. भुकेचा प्रश्न मागे पडला व पाहुण्याचा पुढे आला.

तरीही विद्यार्थ्याच्या हाती पडे ती तीन वर्षांची पदविका. पदवीधरांसाठी असलेल्या परीक्षांची आणि पदव्युत्तर शिक्षणाची दारे तिच्याने उघडत नसत. ती उणीव मुक्त विद्यापीठाच्या सहकार्याने चालू झालेल्या बी.एस्सी.ने भरून काढली. या संस्थांत प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून मिळतो. याखेरीज विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतून चार वर्षांची बी.एच.एम.सी.टी. ही पदवी आहे. खाजगी संस्थांची प्रमाणपत्रे भपकेदार असतात. तेव्हा पदवी कोणते विद्यापीठ देणार, हे आधी विचारावे.

परवाच्या पालकांना मी एवढेच सांगितले. पर्वरीच्या सरकारी संस्थेचा पत्ता त्यांनी निकालपत्राच्या पाठीवर लिहून घेतला. दारापर्यंत गेले, थबकले आणि म्हणाले, "सर, माझे आजोबा बोटीवर आचारी होते." या वेळी आवाज खाली नव्हता.