क्लॅरिओनेटची बॅरल आणि कुळगीचे शिसव

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, दांडेलीच्या दाट अरण्यात कुळगी हे लहानसे ठिकाण आहे. साग, नाणा, ऐन यांच्या जोडीने या अरण्यात शिसवाचेही वृक्ष आढळतात. युरोपात जन्मलेल्या क्लॅरिओनेट या वाद्याशी या शिसवाचे जवळचे नाते आहे. आज उत्तम क्लॅरिओनेट ज्या काळ्या आफ्रिकी लाकडाचे होते, ते लाकूड देणारा वृक्ष आणि आपले शिसव हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातले, किंबहुना एकाच प्रजातीतले भाऊबंद होत.

क्लॅरिओनेटचा जनक म्हणून न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर याचे नाव घेतले जाते. इ. स. १७०० च्या सुमारास त्याने हे वाद्य सिद्ध केले. आरंभी तोंडात धरावयाचा भाग आणि त्याखालील आखूड नळी ही दोन्ही एकसंधच असत. पुढे अठराव्या शतकात ही नळी वेगळी झाली. तिलाच वादक बॅरल म्हणतात. आजच्या सर्वसामान्य वाद्यात तिची लांबी सुमारे ६६ मिलिमीटर असते. वेगवेगळ्या गावी वाद्यांची पट्टी वेगवेगळी असल्यामुळे काही वाद्यांबरोबर कमीअधिक लांबीच्या दोनतीन बॅरली देण्याची प्रथा पडली.

या पट्टीच्या गोंधळाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. फ्रान्सने १८५९ साली मूळ स्वर ४३५ कंपनांवर कायद्याने बांधला. इंग्लंडात मात्र तोच स्वर ४५२ च्या आसपास चढलेला होता, आणि ब्रिटिश लष्करी बँड तर १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरपर्यंत त्या चढ्या पट्टीतच वाजत राहिले. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० हा आकडा सर्वमान्य झाला. छावण्यांतील बँडांच्या मागोमाग आपल्याकडे लग्नाच्या वरातीचे बँड आले आणि क्लॅरिओनेट खेडोपाडी पोचले. चढ्या पट्टीचे जुने वाद्य ४४० च्या पेटीशी जुळवायचे, तर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मे खाली उतरावे लागते.

अशा वेळी ‘लांब बॅरल बसवावी म्हणजे झाले’ असे कोणासही वाटेल. परंतु तसे होत नाही. ज्या स्वरांना जवळजवळ सर्व छिद्रे झाकावी लागतात, त्यांची वायुनलिका लांब असते. तिच्यात काही मिलिमीटरांची भर पडल्याने फारसा फरक होत नाही. मात्र वरच्या छिद्रांतून निघणाऱ्या स्वरांची नलिका मुळातच आखूड असल्याने तेवढ्याच भरीने ते स्वर बरेच उतरतात. सारांश, एक स्वर सुधारावा तो दुसरा बिघडतो. म्हणून बॅरल बदलावयाची ती थोड्या फरकाच्या दुरुस्तीसाठी. सबंध वाद्याची पट्टी बदलण्यासाठी नव्हे.

लांबीइतकेच महत्त्व आतील पोकळीला आहे. क्लॅरिओनेट जोराने फुंकले असता इतर वाद्यांप्रमाणे सप्तकाने न चढता बाराव्या स्वरावर चढते. खालचा स्वर आणि त्याचा हा बारावा जुळावा, यासाठी बॅरलचा आतील व्यास खालच्या टोकाकडे किंचित निमुळता करण्यात येतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील कारागीर हान्स मोनिग याचे नाव अशा बॅरलीशी कायमचे जोडले गेले आहे.

मग लाकडाचे काय? वादकांची श्रद्धा अशी की लाकूड बदलले की नाद बदलतो. जॉन बॅकस या शास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र नळीच्या भिंतीच्या द्रव्याचा नादावर जाणवण्याजोगा परिणाम आढळला नाही. नाद घडतो तो आतील हवेच्या स्तंभात. तरीही लाकडाची निवड निरर्थक ठरत नाही. आफ्रिकी काळे लाकूड इतके घट्ट असते की ते पाण्यात बुडते. ते कातकामात गुळगुळीत उतरते आणि श्वासाच्या ओलाव्याने सहसा आपले माप सोडत नाही. शिसव त्या मानाने हलके व सच्छिद्र. परंतु नीट सुकवून, तेल पाजून, काटेकोर कातले तर त्याचीही बॅरल चांगली होते.

या दोन्ही वृक्षांवर आज संकट आहे. त्यांच्या सबंध प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ च्या आरंभी निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्ये व त्यांचे सुटे भाग यांना त्यांतून सूट मिळाली. कुळगीचे अरण्य आता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात मोडते, आणि लाकूडतोडीच्या जागी तेथे वनखात्याचे निसर्ग शिबिर आहे.

तेव्हा नवी बॅरल घेणाऱ्याने रंग वा लाकडाचे नाव पाहून भुलू नये. आपल्याच तोंडपट्टीने, आपल्याच वाद्यावर, पेटी किंवा तानपुऱ्याच्या सुरात खालचे, मधले आणि वरचे स्वर वाजवून पाहावेत. जोड घट्ट बसतो की नाही हे तपासावे आणि जुनी बॅरल जपून ठेवावी. एक शिसव वाढून कातण्याजोगे होण्यास माणसाचे सारे आयुष्य पुरत नाही. ज्या बदलाने सूर सुधारत नाही, त्यासाठी ते तोडले जाऊ नये.