वय हा पुरावा नव्हे : महाडच्या तीन वास्तू

भोरकडून वरंधा घाटाने कोकणात उतरताना रस्ता कावळ्या किल्ल्याला चिरून जातो. किल्ल्याचा एक भाग एका बाजूस राहतो, दुसरा दुसऱ्या. वळणांवर लक्ष ठेवून बसलेल्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना आपण नुकतेच एका किल्ल्यातून आलो, हे ठाऊक असते. या छेदाबद्दल हळहळ व्यक्त झालेली आम्ही क्वचितच ऐकली आहे. पुढे वरंध गाव लागते, तेथून जवळच शिवथरची घळ आहे, आणि रस्ता बिरवाडीवरून महाडला पोहोचतो.

जुन्या वास्तू राखाव्यात की पाडून नव्या उभाराव्यात, हा वाद आपल्याकडे बहुधा मुंबईच्या चाळी आणि पुण्याचे वाडे डोळ्यांपुढे ठेवून घातला जातो. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियमावली आली. देशातील अशा प्रकारची ती पहिली म्हणून ओळखली जाते. दुसरीकडे पुनर्विकासाचे कायदे आणि योजना आहेतच. दोन्ही पक्षांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले तर ध्यानात येते, की एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. वास्तूचे वय हे दोघांनाही निर्णायक वाटते. एक म्हणतो, जुनी आहे म्हणून राखा. दुसरा म्हणतो, जुनी आहे म्हणून पाडा. हे गृहीतकच तपासून पाहावे असे आम्हाला वाटते, आणि त्यासाठी महाडइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. तीन वास्तूंच्या आधारे ही तपासणी करता येईल : एक तळे, एक पूल आणि एक राहती इमारत.

पहिली वास्तू चवदार तळे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून आपल्या ताब्यातील तळे सर्वांना मोकळे असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेसाठी जमलेले हजारो लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, आणि सनातनी मंडळींनी १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरण्यापूर्वीच काही सवर्ण नागरिकांनी दिवाणी दावा लावला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने हा दावा फार महत्त्वाचा आहे, कारण त्यात युक्तिवादाचा आधार प्राचीनता हाच होता. तळे खासगी असल्याचे म्हणणे खालच्या न्यायालयांत टिकले नाही. ते नगरपालिकेचेच ठरले. उच्च न्यायालयापुढे उरला तो रूढीचा प्रश्न. अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचे नाही, ही वहिवाट स्मरणातीत काळापासूनची आहे, सबब ती कायद्याने मानलीच पाहिजे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड (१९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच) यांच्या निकालाचा आशय असा, की ही रूढी स्मरणातीत असल्याचे सिद्ध झालेले नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे होती. तेथे जाण्याचा प्रसंगच ज्यांच्यावर आला नव्हता, त्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी कशी म्हणता येईल?

या निकालाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. रूढी अन्याय्य आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. ती पुरेशी जुनी नाही, एवढेच म्हटले. म्हणजे तळे मोकळे झाले, परंतु प्राचीनतेचा अधिकार तत्त्वतः अबाधित राहिला. सत्याग्रहाने उपस्थित केलेला प्रश्न याहून मूलभूत होता. समजा रूढी खरोखरच हजार वर्षांची निघाली असती, तर?

आज चवदार तळे घाट-कठडे बांधून, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभारून सजवलेले आहे. १९२७ सालचे काठ जसेच्या तसे राहिलेले नाहीत. पण दरवर्षी २० मार्चला तेथे लोटणाऱ्या माणसांपैकी कोणालाही तळे 'मूळ स्वरूपात' नसल्याची खंत वाटत असेल, असे आम्हाला वाटत नाही. जतन व्हायला हवे होते ते तेथे जाण्याच्या हक्काचे.

दुसरी वास्तू सावित्री नदीवरचा पूल. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा हा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा, म्हणजे तळ्याचा दावा न्यायालयात चालू असताना उभा राहिलेला. त्याच्या शेजारी पुढे नवा पूल झाला, तरी जुन्यावरूनही वाहतूक चालूच राहिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला पूर असताना, तो कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत गेल्या. पुलाची पाहणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात झाली होती आणि तीत धोका आढळला नव्हता, असे शासनाने तेव्हा सांगितले. मग जी तत्परता आधी हवी होती ती नंतर दिसली : १६५ दिवसांत नवा पूल बांधून ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला.

या अपघाताने 'ब्रिटिशकालीन' हा शब्द एका रात्रीत उलटा झाला. तोवर तो आपल्याकडे बळकटपणाचे प्रशस्तिपत्र म्हणून वापरला जाई; 'इंग्रजांच्या वेळचे काम आहे' असे म्हटले की विषय संपत असे. दुसऱ्या दिवसापासून तोच शब्द धोक्याची सूचना झाला आणि राज्यभरच्या जुन्या पुलांकडे लोक संशयाने पाहू लागले. शब्द तोच, पूलही तसेच. फक्त वयाकडे पाहण्याची दिशा बदलली. बारा महिने पाण्यात उभ्या असलेल्या पायांची काळजी कोण आणि किती वेळा घेतो, हा प्रश्न दोन्ही अर्थांतून निसटला.

तिसऱ्या वास्तूने हा संशयही खोटा पाडला. २४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी महाड शहरातील 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत पडली आणि सोळा माणसे गेली. ही इमारत जुनी नव्हती. दहा वर्षेही न झालेले सिमेंट-काँक्रीटचे ते बांधकाम होते. मुंबईच्या महापालिका कायद्यात तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची केलेली आहे. सावधगिरीचा नियम म्हणून ते योग्यच आहे. परंतु वयाची अट हीच सुरक्षिततेची व्याख्या मानली, तर अशी इमारत त्या चाळणीतून सहज सुटते. पूल अठ्ठ्याऐंशी वर्षे उभा राहून पडला, इमारत दहा वर्षांच्या आत. वय दोघांच्याही बाबतीत काहीच सांगू शकले नाही.

येथे आम्हाला भाषेकडे वळावेसे वाटते. 'पुनर्विकास' हा शासकीय व्यवहारातून आलेला शब्द आहे. जे उभे आहे त्याचा विकास नव्याने व्हायला हवा, हा निवाडा त्या शब्दातच दडलेला आहे. 'वारसा' हा शब्द त्याच्या उलट टोकाचा. तो मालमत्तेच्या भाषेतून येतो, आणि वारस कोण हा प्रश्न बरोबर आणतो. 'जीर्णोद्धार' देवळांपुरता राहिला. या तिन्हींपेक्षा कोकणातल्या घरांना जवळचा शब्द 'शाकारणी' हा होता. पावसाळ्यापूर्वी छपरावर चढून फुटकी कौले बदलायची, सरकलेली सारखी करायची, गवताचे छप्पर असेल तर नवे गवत घालायचे, हे काम दरवर्षीचे. शाकारलेले घर जुने की नवे, असे कोणी विचारत नसे. यंदा शाकारले का, एवढेच विचारत. कौले गेली, स्लॅब आली आणि त्यासोबत एक समजूत आली, की घर एकदा बांधून झाले म्हणजे संपले. ती समजूत पुलालाही लागू झाली आणि इमारतीलाही.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ साली स्मारकांच्या मूल्यांची विभागणी करताना 'वयोमूल्य' आणि 'ऐतिहासिक मूल्य' असा भेद केला. वयोमूल्य झिजेच्या खुणांत असते आणि ते पाहणाऱ्याला कसल्याही माहितीवाचून जाणवते. ऐतिहासिक मूल्य जाणून घ्यावे लागते. आपल्याकडील वारसाप्रेम बरेचसे पहिल्या प्रकारचे आहे. शेवाळलेला दगड, कोरीव तुळई, नक्षीचा कठडा पाहिला की आपले मन भरून येते. चवदार तळ्याला असे वयोमूल्य जवळजवळ नाही. ऐतिहासिक मूल्यात मात्र त्याची बरोबरी करणारी स्थळे महाराष्ट्रात थोडीच आहेत. वरंधजवळची शिवथरघळ हे दुसरे उदाहरण. घळ तर निसर्गनिर्मित. तिचे भूगर्भीय वय मोजू गेले तर सारे किल्ले कालचे ठरतील. परंतु धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली हीच समर्थांच्या 'दासबोध'लेखनाची जागा, असे निश्चित केले, आणि ती तीर्थ झाली. वाचकांनी एका जागेला अर्थ दिला. १९२७ साली पाणी पिणाऱ्यांनी तळ्याला दिला, तसाच. दोन्ही घटना एकाच तालुक्यात, तीन वर्षांच्या अंतराने घडल्या.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप संभवतो. डागडुजीचे गुणगान हा जुन्याचा मोह नव्या नावाने सांगण्याचा प्रकार नव्हे काय? तसा तो होऊ नये, यासाठी मुंबईच्या बीडीडी चाळींचे उदाहरण पुढे ठेवतो. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बांधलेल्या या चाळींत कोकणातील, अर्थात महाड-पोलादपूरकडीलही, माणसांच्या पिढ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. सामाईक संडासापुढे शंभर वर्षे रांग लावलेल्या माणसांना 'तुमच्या चाळीला वारसामूल्य आहे' असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्या रसिकाला नाही. मात्र त्या नव्या उंच इमारतींची देखभाल वीस वर्षांनी कोण करणार, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे.

तेव्हा एखाद्या वास्तूपुढे उभे राहिल्यावर तिचे वय विचारण्याआधी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवू. तिची निगा आज कोणाच्या नावावर आहे? आणि तिच्या आत येण्यास कोणाला मज्जाव होता किंवा आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर न विचारल्याची किंमत महाडने चार वर्षांत दोनदा मोजली. दुसरा प्रश्न महाडमध्येच विचारला गेला, आणि त्याचे उत्तर मिळण्यास न्यायालयात नऊ वर्षे लागली.